पुण्याने नाकारले, पंजाबला पाठवले

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर मतदार निवडतात. आपल्याकडे राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात. घटना समितीपुढे निवडणुकीचाही पर्याय होता. १९४९ मध्ये तो मागे पडला. त्या समितीचे एक सभासद, काकासाहेब ऊर्फ न. वि. गाडगीळ, पुढे नेमणुकीच्याच वाटेने राज्यपाल झाले.

सदाशिव पेठेत काकासाहेबांविषयी बोलताना मी १९५७ च्या निवडणुकीपाशी हमखास थांबतो. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले हे मंत्री. संयुक्त महाराष्ट्राची बाजू त्यांनी लोकसभेत निर्भीडपणे मांडली, पण काँग्रेस सोडली नाही. पुण्याने त्यांना पाडून समितीच्या ना. ग. गोरे यांना निवडून दिले. सुमारे दीड वर्षाने, सप्टेंबर १९५८ मध्ये, काकासाहेब पंजाबचे राज्यपाल झाले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा ते त्याच पदावर होते. तिकडे अकाली दल पंजाबी सुभा मागत होते. ऑगस्ट १९६१ मध्ये मास्टर तारासिंगांनी त्यासाठी उपोषण आरंभले. मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांचा सुभ्याला विरोध होता, आणि राज्यपालाने चालायचे ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. भाषिक राज्यासाठी खासदार म्हणून बोललेल्या माणसाला आता तशी मोकळीक नव्हती.

नोव्हेंबर १९६६ मध्ये पंजाबी भाषिक राज्य झाले. काकासाहेब त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. पुण्यातल्या पराभवाने त्यांची खासदारकी गेली, पण त्यांचा आवाज बांधला तो राजभवनाने, असे मला वाटते.