दाहशामक वेदनाशामके

दाहशामक वेदनाशामके : दाह, म्हणजे सूज, लाली, उष्णता व ठणका, कमी करून वेदना आणि ताप उतरवणारी, स्टेरॉइड नसलेली औषधे. बोलण्यात त्यांना ‘पेनकिलर’ किंवा ‘अंगदुखीची गोळी’ म्हणतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक आम्ल, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब व अ‍ॅस्पिरिन ही या गटातील प्रचलित औषधे आहेत. संधिवात, मुरगळ, दातदुखी, पाळीतील पोटदुखी, शस्त्रक्रियेनंतरचा ठणका यांत ती उपयोगी पडतात. पॅरासिटामॉल ताप व वेदना कमी करते, पण दाहावर त्याचा परिणाम नगण्य असतो. त्यामुळे ते या गटात मोडत नाही.

इतिहास : विलो वृक्षाच्या सालीचा ताप व दुखण्यावरील उपयोग प्राचीन काळापासून ठाऊक होता. तिच्यातील द्रव्याशी नाते सांगणारे अ‍ॅस्पिरिन १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स होफमान यांनी शुद्ध रूपात तयार केले आणि १८९९ मध्ये ते या नावाने बाजारात आले. आयबुप्रोफेन हे ब्रिटनमधील बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. तेथे १९६९ पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागले. ही औषधे नेमके काय करतात हे मात्र १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक सुने बेरिस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासह मिळाले.

कार्य : इजा झालेल्या जागी पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि वेदनेची जाणीव तीव्र होते. ही द्रव्ये बनवणाऱ्या सायक्लोऑक्सिजनेज या विकराला औषध अडवते व ठणका थांबतो. पण हीच द्रव्ये जठराचे अस्तर आम्लापासून राखतात आणि शरीरात पाणी कमी पडले की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवतात. गुण आणि अपाय दोन्ही एकाच क्रियेतून येत असल्याने अपाय पूर्णपणे वगळता येत नाही. मात्रा, मुदत आणि माणूस पाहून तो कमी ठेवता येतो.

अपाय : जठरात व लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि कित्येकदा आधी पोट दुखतही नाही. जेवणानंतर गोळी घेतल्याने जळजळ कमी होते, व्रणाचा धोका टळत नाही. इंजेक्शननेही टळत नाही, कारण औषध रक्तातून जठरापर्यंत पोहोचतेच. सोबतची ‘पित्ताची गोळी’, उदाहरणार्थ पँटोप्राझोल, जठराला चांगले संरक्षण देते. मूत्रपिंड व हृदयाला देत नाही.

जुलाब, उलट्या, उन्हातले कष्ट किंवा कडक उपास यांमुळे शरीर कोरडे पडले असताना या गोळ्या मूत्रपिंड अचानक निकामी करू शकतात. रक्तदाबाची काही औषधे, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आल्यास धोका विशेष वाढतो. अ‍ॅस्पिरिन वगळता या गटातील औषधांनी रक्तदाब वाढू शकतो, तसेच हृदयविकार व पक्षाघाताचा संभवही वाढतो. जठराला सौम्य म्हणून गाजलेले रोफेकॉक्सिब याच कारणाने सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले.

याच गटातील डायक्लोफेनॅकने भारतीय उपखंडातील गिधाडे जवळजवळ संपवली. उपचार केलेल्या गुरांचे मांस खाल्ल्यावर त्यांची मूत्रपिंडे निकामी होत, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद केले.

सुरक्षित वापर : कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस हा मूळ नियम होय. प्रौढांनी स्वतःहून आयबुप्रोफेन घेतल्यास एका वेळी ४०० मिलिग्रॅम व दिवसभरात १,२०० मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडू नये. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, तर मात्रा न वाढवता दुखण्याचे कारण शोधावे. गुडघा किंवा मनगट दुखत असल्यास आधी जेल लावून पाहावे. त्यातून रक्तात फार थोडे औषध उतरते.

या गटातील दोन औषधे एका वेळी घेऊ नयेत. ही चूक बहुधा नकळत होते. औषधाच्या दुकानात ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हटले की स्ट्रिपचा दोन गोळ्यांचा तुकडा कापून हाती येतो. त्यावर ना पूर्ण नाव उरते ना मुदतीची तारीख. पूर्ण स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत ‘असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम’ असे घटक छापलेले असतात. ते न वाचता तापासाठी वेगळे पॅरासिटामॉल आणि दाढेसाठी वेगळे डायक्लोफेनॅक घेतले, तर पॅरासिटामॉलची दुहेरी मात्रा आणि या गटातील दोन औषधे एकाच वेळी पोटात जातात. म्हणून व्यापारी नावापेक्षा घटकाचे नाव लक्षात ठेवावे.

कोणी टाळावे : पूर्वी जठरव्रण किंवा रक्तस्राव झालेल्यांनी, मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी आणि वेदनाशामकाने दमा उसळणाऱ्यांनी ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, ती टाळावीत. गर्भाच्या मूत्रपिंडांना व पुढे हृदयाजवळील रक्तवाहिनीला अपाय होतो. रक्त पातळ करणारी औषधे, स्टेरॉइड, लिथियम किंवा मेथोट्रेक्सेट चालू असणाऱ्यांनी आणि साठीपुढच्यांनी विशेष जपावे. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत आयबुप्रोफेन त्या अ‍ॅस्पिरिनचा गुण कमी करू शकते. मुलांना ताप असताना अ‍ॅस्पिरिन देऊ नये; मेंदू व यकृतावर आघात करणारा राय विकार त्यातून उद्भवू शकतो. भारतात १२ वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यास २०११ पासून मनाई आहे. पावसाळ्यातील तापात डेंग्यूची शंका फिटेपर्यंत केवळ पॅरासिटामॉल योग्य मात्रेत द्यावे. डेंग्यूत आधीच रक्तस्रावाची भीती असते आणि ही औषधे ती वाढवतात.

धोक्याची लक्षणे : डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवी कमी होणे, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, छातीत दुखणे, धाप, अंगावर पुरळ यांपैकी काहीही दिसल्यास गोळी लगेच थांबवून रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तरी चक्कर किंवा अशक्तपणा सोबत असल्यास वाट पाहू नये. जाताना घेतलेल्या गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्यावी. ‘पेनकिलर घेतली होती’ एवढ्या सांगण्यावरून डॉक्टरांना औषध कळत नाही, स्ट्रिपवरून कळते.