हौशी रेडिओ: प्रवेशापूर्वी चार शब्द

हौशी रेडिओच्या नियमांत दोन बंधने अगदी ठळक आहेत. या लहरींवरून पैसा कमवायचा नाही, आणि या लहरींवरून गुपित बोलायचे नाही. जाहिरात करता येत नाही, मोबदला घेऊन कोणाचा निरोप पोहोचवता येत नाही. आणि जे बोलायचे ते कोणीही ऐकले तरी कळेल अशा उघड भाषेत बोलावे लागते. नव्याने येणाऱ्याला यात नुसती अडवणूक दिसते. थोडे आत शिरल्यावर लक्षात येते की या क्षेत्राची सगळी घडण याच दोन बंधनांनी केली आहे. पैशाचा व्यवहार वगळला की देवघेव उरते ती माहितीची आणि सुट्या भागांची. गुपित वगळले की दोघांचे बोलणे ऐकत बसलेला तिसराही शिकत असतो. परवाना ज्याच्या-त्याच्या नावाने मिळतो, विद्या मात्र चारचौघांत येते. ही चारचौघांतली शाळा म्हणजे हौशी रेडिओचा क्लब. त्याच्या दारात उभ्या असलेल्या वाचकासाठी हे पुस्तक आहे.

आधी क्षेत्राची हद्द सांगतो. हौशी रेडिओ, बोलीत हॅम रेडिओ, म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, नेमून दिलेल्या लहरपट्ट्यांवर स्वतःच्या यंत्राने दुसऱ्या परवानाधारकाशी साधलेला संपर्क. आकाशवाणी श्रोत्यांसाठी कार्यक्रम करते. इथे दोन्ही बाजूंना बोलणारेच असतात. भारतात या सेवेची चौकट १९७८ च्या नियमांनी घातली. परीक्षा आणि परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागातल्या बिनतारी नियोजन शाखेकडे असतो. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही परीक्षेला बसता येते. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम असे तिचे दोन भाग. वरच्या श्रेणीसाठी मोर्सची चाचणी जास्तीची. परवान्याबरोबर कॉल साइन मिळते. आपल्याकडे ती बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होते, आणि एका वेळी ती जगात दुसऱ्या कोणाची नसते. क्लबात माणसे एकमेकांना याच नावाने हाक मारतात. आडनाव आणि हुद्दा बऱ्याच उशिरा कळतो. राजीव गांधींची व्हीयू२आरजी ही खूणसुद्धा लहरींवर इतरांसारखीच एक खूण होती.

या छंदाचा इतिहास नाकारलेल्या जागेतून सुरू होतो. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकलले. दूर जायचे तर लांब लहरच हवी, आखूड लहरी कुचकामी, अशी तेव्हा तज्ज्ञांचीही समजूत होती. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या नीस शहरातून लेआँ देलॉय आणि अमेरिकेतून फ्रेड श्नेल यांनी शंभरेक मीटरच्या लहरीवर अटलांटिकच्या दोन तीरांवरून एकमेकांशी संपर्क साधला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडमधला मेंढ्या पाळणारा शेतकरी फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतला अठरा वर्षांचा विद्यार्थी सेसिल गॉयडर यांची गाठ पडली, तीही पृथ्वीच्या जवळजवळ दोन टोकांवरून. हा गॉयडर पुढे १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होऊन भारतात आला. ज्या लघुलहरींवर त्याने शाळकरी वयात हात बसवला होता, त्यांच्याच आधारे एवढ्या मोठ्या देशाला आवाज पोहोचवण्याची आखणी त्याने केली.

आपल्याकडे तर प्रक्षेपणाचा पायाच क्लबांनी घातला. मुंबईच्या रेडिओ क्लबाने १९२३ च्या जूनमध्ये कार्यक्रम प्रक्षेपित करायला सुरुवात केली, १९२४ मध्ये मद्रासचा क्लब पुढे आला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले ते २३ जुलै १९२७ रोजी, म्हणजे हौशी मंडळींनंतर चार वर्षांनी. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर हौशी परवाने बंद झाले. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला. ते भूमिगत काम होते, हौशी सेवा नव्हे. पण त्यामागच्या तंत्रज्ञांत नरिमन प्रिंटर हे युद्धापूर्वीचे हौशी रेडिओवाले होते. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी महू येथील सिग्नल्सच्या लष्करी शाळेत देशव्यापी क्लब स्थापन झाला. तोच पुढे दिल्लीला गेला आणि १९५४ पासून अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया या नावाने ओळखला जाऊ लागला.

इतिहासाइतकीच या क्षेत्राची भूगोलाशीही गाठ आहे. जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचीवर आयनांबराचे थर सुरू होतात. सगळ्यात खालचा डी थर उन्हात तयार होतो आणि मध्यम व लघुलहरींची ताकद शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. वरचा एफ थर रात्रीही टिकतो आणि लहरी परत खाली वळवतो. हे सगळे पुस्तकी वाटते, पण ४० मीटरच्या पट्ट्यावर दिवसभर कान लावून बसा. दुपारी पुणे, सोलापूर, बेळगाव स्वच्छ ऐकू येतील. दिवेलागणीनंतर जवळची केंद्रे विरळ होत जातील आणि त्यांच्या जागी हजारो किलोमीटरवरचे अनोळखी उच्चार येऊ लागतील. यंत्र तेच आणि तारही तीच असते. बदललेले असते ते आभाळ.

सह्याद्रीत राहणाऱ्यांना या ज्ञानाचा वेगळाच उपयोग आहे. हातात मावणाऱ्या व्हीएचएफ संचाच्या लहरी सरळ रेषेत जातात. पोलादपूरहून वाईला बोलू गेलात तर मधला डोंगर आडवा येतो. उंच माथ्यावर बोलणे पुढे पाठवणारा रिपीटर असला तर ठीक, नसला तर बोलणे खुंटते. अशा वेळी ४० मीटरचा डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, मुद्दाम कमी उंचीवर, सात-आठ मीटरवर ताणतात. त्याची बहुतेक ताकद थेट वर जाते आणि एफ थरावरून परतून आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत खाली येते. डोंगराला वळसा घालण्याऐवजी निरोप त्याच्या डोक्यावरून येतो. दरड कोसळून रस्ता आणि तारा तुटलेल्या खोऱ्यात ही गोष्ट किती मोलाची असेल, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

असा डायपोल उभारणे हा क्लबाच्या रविवारचा नेहमीचा धडा. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की मीटरमध्ये तरंगलांबी मिळते, एवढे गणित पुरते. ७.१ मेगाहर्ट्झला ४२ मीटर, तिचे निम्मे २१, टोकांच्या परिणामामुळे त्यातून पाच टक्के वजा; उरले २० मीटर. म्हणजे दहा-दहा मीटरचे दोन हात. घरातल्या वायरिंगची तांब्याची तार, मध्ये पीव्हीसी पाइपचा तुकडा, टोकांना नायलॉनची दोरी, खाली येणारी कोॲक्स केबल. सोसायटीची गच्ची मिळवायला सेक्रेटरींची जी मनधरणी करावी लागते ती अभ्यासक्रमात नाही, पण परीक्षेइतकीच अवघड आहे. तार चढवून अँटेना ॲनालायझर जोडला की तो ६.९ दाखवतो. म्हणजे तार लांब झाली. एक जण पक्कड काढतो, तर जुना जाणता त्याला थांबवतो: ‘कापू नकोस रे, आधी दुमड.’ दोन्ही टोके तीस-तीस सेंटिमीटर मागे दुमडून तारेवरच गुंडाळली जातात. पुन्हा मोजमाप, आता ७.१ च्या आसपास. मग केबलच्या सांध्यावर रबर टेपचे घट्ट वेढे, कारण पहिल्याच पावसात पाणी इथूनच आत शिरते. ज्या मुलीने शाळेत तरंगलांबीचे सूत्र नुसते पाठ केले होते, तिने आज ते स्वतःच्या हाताने दुमडलेले असते.

क्लबाचे बाकीचे उद्योग थोडक्यात सांगतो. पुढच्या प्रकरणांत त्यांचा विस्तार आहेच. ठरलेल्या वेळी भरते ते नेट: एक जण सूत्रे धरतो, बाकीचे क्रमाने हजेरी लावतात, एकमेकांच्या आवाजाचा दर्जा सांगतात आणि आपली पाळी येईपर्यंत गप्प राहायला शिकतात. कोल्हा शोधण्याच्या खेळात झाडीत लपवलेला छोटा प्रक्षेपक दिशेवरून हुडकायचा असतो. त्यासाठीचा यागी अँटेना मोजपट्टीच्या पोलादी पात्यांचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून घरीच बनतो, आणि मुले या खेळात मोठ्यांना हमखास हरवतात. कोणाला दूरदेशच्या केंद्रांचा नाद असतो. संपर्क झाल्याची पावती म्हणून आलेली क्यूएसएल कार्डे तो जपून ठेवतो. कोणाला मोर्सची लय लागते. कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वा पुण्याच्या बुधवार पेठेतून भाग आणून संच स्वतः जुळवतो. डाग नीट बसला नाही की संच मुका राहतो आणि सगळा क्लब भिंग घेऊन त्या सांध्यावर वाकतो. कोणाचे डोळे उपग्रहांकडे असतात. ५ मे २००५ रोजी इस्रोने सोडलेला हॅमसॅट जगभरच्या हौशी मंडळींनी ९ वर्षे वापरला. पुण्याच्या सीओईपीमधील विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला, तो हौशी लहरींवरून निरोप पोहोचवण्याच्या प्रयोगासाठीच.

या छंदाची समाजाला ओळख होते ती आपत्तीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी निरोपांची ने-आण केली. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात गेले होते ते निव्वळ हौसेने, क्वचितच ऐकू येणारी ती बेटे जगाच्या लहरींवर आणायला. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच संचावरून बेटांची खबर मुख्य भूमीला जाऊ लागली. गंगासागरच्या जत्रेत पश्चिम बंगाल रेडिओ क्लबाचे लोक हरवलेल्या यात्रेकरूंची त्यांच्या घरच्यांशी गाठ घालून देतात. या कामांचे कौतुक व्हावे, पण त्यामागची तालीमही ध्यानात घ्यावी. निरोप कोणाकडून, कोणाला, किती शब्दांचा, किती वाजताचा. लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा, पदरचे काही घालायचे नाही. ही शिस्त संकटाच्या दिवशी अंगात येत नाही. एरवीच्या कंटाळवाण्या नेटवर ती मुरलेली असावी लागते.

हातात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात विचारला जातो आणि तो रास्त आहे. निरोप पोहोचवणे एवढाच हेतू असेल तर मोबाइलच सोयीचा. फरक आहे तो समजण्यात. मोबाइलवरचे बोलणे ज्या वाटेने जाते ती वाट दुसऱ्याची असते. इथे यंत्र, तार, जमीन, आयनांबर या सगळ्या टप्प्यांचा हिशेब आपल्याला ठेवावा लागतो. असा हिशेब ठेवणारी माणसे कुठवर जातात याची उदाहरणे आहेत. ग्रोट रेबर या अमेरिकी हॅमने १९३७ मध्ये आपल्या घराच्या आवारात सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी बांधली आणि आकाशगंगेच्या रेडिओ लहरींचा नकाशा काढला. नारायणगावजवळ खोडद परिसरातल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आज जे काम करतात, त्याच्या वंशावळीत त्या परसातल्या तबकडीचे नाव वरच्या ओळीत आहे. लहानपणापासून हॅम असलेले जोसेफ टेलर यांना १९९३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यानंतर त्यांनी गोंगाटात बुडालेले क्षीण संकेत ओळखणाऱ्या पद्धती रचल्या आणि त्यांची आज्ञावली सर्वांना फुकट खुली केली. स्टीव्हन फ्रँके यांच्यासह त्यांनी २०१७ मध्ये आणलेली एफटी८ पद्धत आज आपल्या क्लबांतली शाळकरी मुलेही वापरतात. विकायचे काही नाही आणि झाकायचे काही नाही, म्हणून नोबेलविजेत्याचे काम आणि आठवीतल्या मुलाचा संच एकाच पट्ट्यावर भेटतात.

पुस्तकाची मांडणी याच हिशेबाने केली आहे. आधी ऐकणे, मग वीज आणि लहर, मग अँटेना, मग नियम, आणि प्रक्षेपक सगळ्यात शेवटी. बोलण्याची घाई असलेल्यांना हा क्रम उलटा वाटेल. पण लहरपट्टा सर्वांचा सामाईक असतो; कोणी बोलत नाही ना हे आधी ऐकल्याशिवाय तिथे तोंड उघडणे ही असभ्यता मानली जाते. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत आग्रह धरलेला नाही. आयनांबर, तरंगलांबी, वारंवारता हे शब्द मराठीत रुळले आहेत, ते वापरले. अँटेना, कोॲक्स, रिपीटर क्लबात जसे म्हणतात तसेच ठेवले. गणित बेतापुरते आहे, आणि प्रत्येक सूत्रासोबत हाताने करून पाहण्याचे काहीतरी दिले आहे.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक संपवून मग क्लबात जाऊ, असा बेत करू नका. पहिली दोन प्रकरणे झाली की जवळच्या क्लबाचा पत्ता काढा, परवानाधारकाच्या शेजारी बसून तासभर ऐका, ऐकलेल्या खुणा आणि वेळा वहीत उतरवा. परीक्षेचा अर्ज कसा भरायचा, जुना संच विकत घेताना काय तपासायचे, पहिल्यांदा माइक हातात आल्यावर घशाला कोरड पडते तेव्हा काय बोलायचे, हे तिथे कोणीही आनंदाने सांगेल. पुस्तकाचे समास मुद्दाम रुंद ठेवले आहेत. अडेल तिथे प्रश्न लिहा आणि पुस्तक तसेच घेऊन रविवारी या.