कौतुक नको, प्रश्न विचारा : ९ मे १९१६ चा पेपर आणि आपली मुलं

मागच्या वर्षी एका महाविद्यालयातल्या साहित्यविषयक चर्चासत्राला गेलो होतो. आपल्याच वस्तीतल्या, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'वर पेपर वाचला. अध्यक्ष म्हणाले, "अनुभव फार हृदयस्पर्शी आहेत." टाळ्या झाल्या. प्रश्न एकही आला नाही. पुढच्या विद्यार्थ्याला मात्र संदर्भ विचारले, सिद्धांत विचारला, त्याच्याशी वाद घातला.

मुलगी खूश होती. मला ते कौतुक टोचलं. आपल्या मुलांनी अनुभव सांगायचा आणि विचार दुसऱ्यांनी करायचा, ही वाटणी कुणी ठरवली?

मित्रांनो, ही वाटणी बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच मोडली आहे. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या विद्यार्थ्याने पेपर वाचला : 'भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास'. शाळेत बसायला वेगळं गोणपाट घेऊन जाणारा हा विद्यार्थी. पण पेपरमध्ये त्या अपमानाचं एक वाक्य नाही. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या त्यांनी समोर ठेवल्या, तपासल्या आणि त्यांतल्या उणिवा दाखवल्या.

मग स्वतःचा सिद्धांत मांडला. जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न. ते टिकवायचं तर जातीत स्त्री-पुरुषांची संख्या जुळली पाहिजे. जोडीदार मेला की मागे उरलेली व्यक्ती जातीला धोका ठरते. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथांचं मूळ त्यांनी इथे शोधलं. आधी पुरोहितवर्गाने स्वतःला कोंडून घेतलं, मग इतरांनी त्याचं अनुकरण केलं. माझं मत चूक ठरलं तर ते सोडायला मी तयार आहे, असंही त्यांनी सांगितलं. मे १९१७ मध्ये हा निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

अनुभव कमी प्रतीचा आहे, असा याचा अर्थ नाही. बेबीताईंनी फलटणला दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलं. त्या सांगतात की बाईला उंबऱ्याआड जितकं कोंडावं तितकी घराण्याची प्रतिष्ठा मोठी मानली जाई. हे महारवाड्यातलं चित्र आहे. आता १९१६ चा अनुकरणाचा सिद्धांत आठवा. वरच्या जातीची रीत खालच्या घरात कशी उतरते, त्याचा पुरावाच बेबीताई देतात. त्या मुलीच्या पेपरमध्ये हा उतारा होता. "याचा अर्थ काय लावतेस?" एवढं कुणी विचारलं असतं, तर तिथेच तिचं संशोधन सुरू झालं असतं.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती. विहारातल्या अभ्यासिकेत महिन्यातून एक संध्याकाळ पेपरवाचनाला द्या. वीस मिनिटं वाचन, चाळीस मिनिटं प्रश्न. हार नको, शाल नको. बी.ए.च्या मुलांना विचारा : तुझं म्हणणं काय, पुरावा कुठे, विरोधी मताला उत्तर काय? आपणच आपल्या मुलांची अशी कसून परीक्षा घेतली, तर बाहेरच्या व्यासपीठावर कुणी त्यांना नुसत्या कौतुकावर परत पाठवू शकणार नाही.

ती मुलगी पहिल्या संध्याकाळी वाचणार आहे. माझे प्रश्न तयार आहेत.

जय भीम!