मुठीकडून वाचलेला इतिहास : हवाई रायफल आणि हातपंप

शस्त्रांचा इतिहास बहुधा नळीच्या टोकाकडून लिहिला जातो. गोळी किती लांब गेली, किती वेगाने गेली, रणांगणावर तिने काय साधले, हे इतिहासकार आवर्जून नोंदवतात. ते शस्त्र सज्ज करण्यासाठी कोणाचे हात किती वेळ राबले, ही नोंद मात्र तळटीपेत जाते. हातपंपाने हवा भरून चालवायच्या रायफलीचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. ही रायफल समजून घ्यायची तर ती खटक्याकडून नव्हे, पंपाच्या मुठीकडून वाचावी लागते, असे आम्हांस वाटते. आणि आज बारामती-इंदापूर भागातील एखाद्या विद्यार्थ्याला अशी रायफल निवडायची झाली, तर त्याच्या कामी येणारी कसोटीही याच वाचनातून हाती लागते.

प्रारंभ १७७९ या सालापासून करू. त्या वर्षीच्या जानेवारीत पुणे जिल्ह्यातील वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला तह करण्यास भाग पाडले. मोरोपंत तेव्हा पन्नाशीत होते आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत त्यांची काव्यरचना चालू होती. त्या काळातील लढाई दारूची होती : तोड्याच्या बंदुका, गारेच्या बंदुका, धूर, आणि पावसात भिजून निकामी होणारी दारू. याच सुमारास तिकडे ऑस्ट्रियात बार्थोलोमेउस जिरार्दोनी या कारागिराने दारूविना चालणारी रायफल सिद्ध केली आणि १७८० च्या सुमारास ती ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची लोखंडी टाकी. नळीलगतच्या नळकांड्यात वीसएक गोळ्या राहत आणि त्या एकामागून एक झाडता येत. धूर नाही, ठिणगी नाही, पावसाचे भय नाही. एकेक गोळी ठासून भरण्याच्या त्या युगात हे नवलच होते.

तरीही पुढील तीन-चार दशकांत ही रायफल सैन्यातून नाहीशी झाली. कारण मुठीपाशी होते. एक टाकी पूर्ण भरायला हातपंपाचे सुमारे १५०० दाब द्यावे लागत आणि त्यातून तीसएक गोळ्या उपयोगी जोराने सुटत. म्हणजे एका गोळीमागे पन्नास दाब. सैनिकाजवळ जादा टाक्या दिलेल्या असत आणि छावणीत टाक्या भरण्यासाठी गाड्यांवर बसवलेले मोठे पंपही ठेवलेले असत. त्याशिवाय टाक्यांचे सांधे गळत, चामड्याचे वायसर सुकत, झडपा बिघडत आणि दुरुस्तीला कुशल हात लागत. अमेरिकेत १८०३ ते १८०६ या काळात लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत एक हवाई रायफल होती. ती जिरार्दोनीचीच असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. वाटेत भेटलेल्या मूलनिवासी लोकांपुढे लुईस ती वारंवार चालवून दाखवी. प्रात्यक्षिकाला ती उत्तम होती, कारण प्रात्यक्षिकाआधी निवांतपणे पंप मारता येतो. युद्ध तेवढी सवड देत नाही.

असाच धडा आपल्या परिसराने निराळ्या हातपंपाकडून घेतलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर कूपनलिका आणि त्यांवरचे हापसे खेडोपाडी दिसू लागले. आरंभीचे ओतीव लोखंडाचे पंप मुळात एखाद्या घरापुरते, एखाद्या वस्तीपुरते कल्पिलेले होते. अख्खे गाव दिवसभर त्यांवर हापसू लागले, तेव्हा ते मोडून पडू लागले. त्यावर इंदापूरच्या शेजारच्या सोलापुरात घडलेला ‘सोलापूर पंप’ हा टिकाऊ उपाय ठरला आणि त्याच्याच आधारे सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा सर्वत्र पसरलेला हापसा तयार झाला. पंपाची किंमत त्यातून येणाऱ्या धारेवरून ठरत नाही. तो दिवसाकाठी किती वेळा, कोणाच्या हातांनी चालणार आणि बिघडल्यास कोण दुरुस्त करणार, यावरून ठरते. रायफलीसाठीही हेच तीन प्रश्न पुरे आहेत.

आता आजच्या रायफलीकडे वळू. हवाई बंदुकीचे ढोबळ तीन प्रकार मानता येतील. पहिली कमानीची. जत्रेत फुगे फोडायला मिळते ती बहुधा हीच. नळी मोडून कमान ताणायची, की झाले. दुसरी प्रत्येक छऱ्यामागे तरफ ओढून हवा दाबायची. तिसरीत टाकी आधीच भरून ठेवलेली असते आणि एका भरणीत अनेक छर्रे सुटतात. जिरार्दोनीची खरी वारस ही तिसरी. लॉस एंजेलिसच्या १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये दहा मीटर हवाई रायफल प्रथम समाविष्ट झाली. त्या काळी तरफेच्या रायफलींचा जोर होता. पुढे टाकीच्या रायफलींनी त्यांची जागा घेतली.

महाराष्ट्राचे नाव या प्रकारात मोठे आहे. अंजली भागवत २००० साली सिडनीत आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्समध्ये अंतिम फेरीत पोचल्या, तर ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत विश्वविजेता झाला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या संकुलात नेमबाजीची सोय आहे; परंतु बालेवाडी पुण्यात आहे. तालुक्याच्या गावी सराव करणाऱ्याने दर वेळी टाकी भरायला शहर गाठायचे म्हटले, तर त्याचा सराव लवकरच थांबेल. येथे हातपंप ही चैन उरत नाही. तो या खेळाचा उंबरठा होतो.

या उंबरठ्याची उंची मोजता येते. मोटारीच्या चाकात साधारण २ ते २.५ बार दाब असतो. स्पर्धेच्या रायफलीच्या टाकीत तो २०० बारपर्यंत जातो, म्हणजे ऐंशी ते शंभर पट. टाकी २०० घन सेंटिमीटरची धरली आणि दाब १०० वरून २०० बारवर न्यायचा असला, तर बाहेरची सुमारे २० लिटर हवा आत कोंबावी लागते. पंपाच्या एका दाबात बाहेरची २०० घन सेंटिमीटर हवा आत जाते असे धरल्यास हे शंभर दाब झाले. टाकी दुप्पट मोठी असेल तर दोनशे. शिवाय दाब जसा चढतो तशी मूठ जड होत जाते आणि शेवटच्या टप्प्यात अंगाचा भार टाकावा लागतो. ३०० बार मागणारी रायफल कागदावर कितीही देखणी असली, तरी शाळकरी मुलीच्या हाताला ती पेलणार नाही.

म्हणून हाताने भरायची रायफल निवडताना टाकी लहान आणि भरणीचा दाब बेताचा असावा. दाब नियमित करणारा रेग्युलेटर असावा, म्हणजे पहिला आणि चाळिसावा छर्रा सारख्याच वेगाने सुटेल. दाबमापक स्पष्ट दिसावा. आणि जोर गरजेपुरताच असावा. दहा मीटरवरील कागदी लक्ष्याला साडेसात ज्यूलच्या आसपासची ऊर्जा पुरते. त्याहून अधिक जोर म्हणजे प्रत्येक छऱ्यामागे अधिक हवा आणि अधिक हापसणे. २०१८ पासून स्त्रियांच्या प्राथमिक फेरीतही चाळीसऐवजी साठ छर्रे झाडायचे असतात. तेव्हा एका भरणीत साठ आणि वर सरावाचे काही, एवढा हिशेब विकत घेण्यापूर्वी मांडावा.

सवयींचाही भाग आहे. टाकी पूर्ण रिती होऊ न देता मधूनमधून भरत राहावे, थोडे हापसून पंप निवू द्यावा. हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते टाकीला आतून गंज आणते. बारामती-इंदापूरची उन्हाळी कोरडी हवा येथे कोकणापेक्षा सोयीची. तरी पावसाळ्यात बाष्प शोषणारी गाळणी हवीच. ओ-रिंगा जवळ मिळतात का, हे आधी विचारावे. पंपात साधे तेल किंवा ग्रीस घालू नये, टाकीत प्राणवायू तर कधीच भरू नये. दोन्हींत स्फोटाचा धोका आहे. टाकीवर कोरलेली मुदत पाहावी.

कायद्याची मर्यादाही ध्यानात असू द्यावी. ०.१७७ इंचापर्यंतचा व्यास आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. परंतु परवाना नको म्हणजे शिकार चालेल, असा अर्थ कोणी काढू नये. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) आणि इंदापूरकडील कडबनवाडीची गवताळ राने ही चिंकाऱ्यांची घरे आहेत. तेथेच काय, अन्यत्रही वन्य प्राण्यापक्ष्यांवर नेम धरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. ही रायफल कागदी लक्ष्यासाठी आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना या विषयात काय रस असावा, असा प्रश्न कोणी विचारील. संहितेतील न बोलणाऱ्या पात्राकडून कथा पुन्हा वाचणे आपल्याला अपरिचित नाही. जिरार्दोनीच्या रायफलीच्या कथेत टाकी भरणारा सैनिक हे तसे पात्र आहे. त्याचे १५०० दाब मोजले की एका अद्भुत यंत्राचे अपयश कळते, आणि तोच हिशेब आज मांडला की तालुक्यातील एखाद्या मुलीला हा खेळ परवडेल की नाही, हेही कळते. मुठीचे ओझे तिच्या हाताला साजेसे असेल, तर बाकीचे अंतर तिची नजर आणि तिचा सराव कापू शकेल.