अंतुलेंचे एकोणीस महिने

आमच्या सय्यदनगरात शेजारच्या खालांना संजय गांधी निराधार योजनेचे पंधराशे रुपये मिळतात. गेल्या महिन्यात ते उशिरा आले, तेव्हा त्यांनी मला विचारले, "बेटा, ये पैसे दिल्लीवाले देतात का मुंबईवाले?" मी म्हटले, मुंबईवाले. नाव संजय गांधींचे असले तरी योजना राज्याची. १९८० साली ती बॅरिस्टर अंतुल्यांनी सुरू केली. खाला क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वो सिमेंटवाले?"

महाराष्ट्राला आजवर एकच मुसलमान मुख्यमंत्री मिळाला आणि लोकांच्या लक्षात राहिले ते सिमेंट. त्यावर आपल्यातली मंडळी लगेच म्हणतात, 'आपला माणूस होता म्हणून घालवला.' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते कितपत खरे, हे बघायचे तर राज्य सरकार बनते कसे आणि पडते कसे, हे आधी बघावे लागेल.

हडपसरचा मतदार तीन ठिकाणी मत देतो. महापालिकेला, विधानसभेच्या हडपसर मतदारसंघात आणि लोकसभेच्या शिरूर मतदारसंघात. पोलीस, जमीन महसूल, सरकारी दवाखाने ही खाती राज्याकडे. फुरसुंगी महापालिकेत घ्यायची की पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करायची, हेही राज्यानेच ठरवले. घटनेच्या १६४व्या कलमाप्रमाणे मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात, पण मंत्रिमंडळ जबाबदार असते विधानसभेला. म्हणजे २८८ पैकी १४५ आमदार पाठीशी असले की मुख्यमंत्र्याची खुर्ची पक्की. निदान कागदावर तरी.

आता १९८० बघा. फेब्रुवारीत दिल्लीने ३५६व्या कलमाखाली शरद पवारांचे पुलोद सरकार बरखास्त केले आणि राष्ट्रपती राजवट लावली. पुढच्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला १८६ जागा मिळाल्या. ९ जूनला रायगडच्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. नाव आमदारांनी सुचवले असे म्हणण्याची रीत आहे, पण ठरवले इंदिराबाईंनी. मुसलमानांची मते मोजून कुणी मुख्यमंत्री होईल असे आपले संख्याबळ तेव्हाही नव्हते.

माणूस कामाचा होता आणि घाईचाही. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ ला झाले, कुलाब्याचे रायगड झाले. शिवाजी महाराजांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला एका कोकणी मुसलमानाच्या कारकिर्दीत मिळाले, हे आज किती जणांना ठाऊक आहे?

त्याच काळात त्यांनी इंदिराबाईंच्या नावाने प्रतिष्ठान काढले. सिमेंट तेव्हा नियंत्रित होते, कोटा सरकारच्या हातात. बिल्डरांनी प्रतिष्ठानला देणग्या द्यायच्या आणि सरकारने सिमेंट द्यायचे, असा आरोप झाला. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निकाल दिला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. विधानसभेत अविश्वास ठराव मंजूर झाला नव्हता, पक्षाचे बहुमत शाबूत होते. पण ज्याला विधानसभेने निवडलेच नव्हते, त्याला विधानसभा वाचवणार कशी? दिल्लीने बसवले होते, दिल्लीने हात काढून घेतला. त्यांच्या जागी आलेले बाबासाहेब भोसलेही सुमारे वर्षभरातच गेले, आणि ते काही मुसलमान नव्हते. म्हणून 'आपला माणूस' वगैरे मला पटत नाही. दुसऱ्या मुसलमान मुख्यमंत्र्याचे नाव त्यानंतर कुणाला सुचलेच नाही, ही तक्रार मात्र मला पटते.

पुढचा भाग आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही. भाजपचे रामदास नायक यांना अंतुल्यांवर खटला भरायचा होता. त्याला राज्यपालांची मंजुरी हवी. राज्यपाल एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. पण मुख्यमंत्र्यावरच खटला असेल तर त्याच्याच सहकाऱ्यांचा सल्ला कसा घ्यायचा? सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, इथे राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने ठरवावे. राज्यघटनेवरच्या पुस्तकांत हा दाखला अजूनही देतात. २८ जुलै १९८२ ला मंजुरी निघाली. खटला पुढे बरीच वर्षे न्यायालयांत फिरत राहिला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आपलाच आधीचा आदेश चुकीचा ठरवला. कायदा शिकणारी मुले आजही अंतुल्यांचे नाव घोकतात ते यामुळे.

आणि त्या मंजुरीवर सही करणारे राज्यपाल होते निवृत्त एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ.

हे नाव मी खालांना सांगितले. "वो भी अपनेवाले?" म्हणाल्या. मी हो म्हटले. त्या पासबुक उलगडत म्हणाल्या, "देख तो, इस महिने का चढा क्या?"