साथ, सरकार आणि जाब

मंडळी, शिवाजी महाराजांचा जन्म कोठे झाला हे शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या तुम्हांला सांगायला नको. पण महाराजांवर छापलेल्या मजकुरावरून १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यामागे प्लेगची साथ होती, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

हकीकत अशी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग दिसला आणि पुढे तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. कायदा अवघ्या चार कलमांचा. शेवटचे कलम असे, की या कायद्याखाली शुद्ध हेतूने केलेल्या कामाबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. म्हणजे अधिकार भरपूर, पण जाब विचारायची वाट अरुंद!

पुण्याची प्लेग कमिटी रँडसाहेबाच्या हाती आली. गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. रोगी इस्पितळात, घरची माणसे छावणीत. आता रोग्याला वेगळे ठेवण्यात चूक नव्हती. टिळकांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढले होते. लोकांची तक्रार होती ती रीतीविषयी. बायामाणसांची अब्रू, देवघर, चीजवस्तू यांची पर्वा राहिली नाही, असे ते म्हणत. अर्ज गेले, पण दाद लागली नाही. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या. मग टिळकांना दीड वर्षाची सजा झाली आणि नातू बंधूंना खटल्यावाचून अडकवून ठेवले.

गोखल्यांचे काय झाले तेही ऐका. ते तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोजिरांवर जाहीर आरोप केले. परत आल्यावर मात्र पुरावा हाती लागेना, आणि त्या सज्जन माणसाला जाहीर माफी मागावी लागली. जाब विचारायला धैर्य लागतेच, पण नोंद आणि साक्षीदारही लागतात.

हाच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्रात लागू झाला. ते शेवटचे कलमही त्यात होतेच. पण आता आपल्याजवळ मत आहे, विधानसभा आहे, न्यायालय आहे, २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कोरोनाने दगावलेल्यांच्या घरच्यांना मदत देण्याचे नियम करा. पुढे ५० हजार रुपये ठरले. ते मिळवायलाही कागदच लागला.

तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या गुरुजींनो, पुन्हा साथ आली तर डॉक्टरांचे जरूर ऐका. पण गावात एक वहीही घाला. औषध केव्हा आले, कोणाला मिळाले, कोणाला परत पाठवले, हे तारखेनिशी लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. अर्ज दिलात तर त्याची पोच घ्यायला विसरू नका.