मराठा डिच लेन

कोलकात्यातील चर्चासत्र आटोपल्यावर एक दिवस हाती उरला होता. तेथील प्राध्यापक मित्रांनी आम्हां तिघा मराठीच्या अध्यापकांना उत्तर कोलकाता दाखविण्याचा बेत आखला आणि सोबत एक जाणकार गाइडही घेतला. कुमारटुलीतील मूर्तिकारांचे काम पाहून आम्ही बागबाजारात आलो. एका गल्लीच्या तोंडाशी थांबून गाइड म्हणाला, "ही मराठा डिच लेन. तुम्हांला अडविण्यासाठी खणलेल्या खंदकाचे नाव." मित्र हसले, आम्हीही हसलो; पण तो 'तुम्हांला' दिवसभर मनात राहिला.

नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये चौथाईसाठी बंगालवर चालून गेले. त्या धास्तीने इंग्रजांच्या कोलकात्याने नवाब अलिवर्दीखानाच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. योजना सात मैलांची होती. सुमारे तीन मैलांवर काम थांबले. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. पुढे १७९९ मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. खंदक गेला, उरले गल्लीचे नाव आणि 'बर्गी' हा शब्द.

हा शब्द आपल्याच फौजेतला. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. आमच्या लेखी बारगीर म्हणजे साधा पगारी स्वार. बंगालीत तोच 'बर्गी' होऊन लुटारू ठरला. सोबतच्या एका प्राध्यापिका म्हणाल्या, "आजी मला बर्गींचीच अंगाई म्हणून निजवायची." त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळे आम्हांला उत्तर देणे अधिकच अवघड गेले.

गंगाराम या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्रपुराण' रचले. त्यात जळणारी गावे आहेत, पळणारी माणसे आहेत, स्त्रियांवरील अत्याचार आहेत. विशेष असे की, मराठ्यांना प्रथम धाडतो तो शिवच, पापी लोकांना शासन करण्यासाठी. पण ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रियाही सुटत नाहीत हे पाहून देवी त्यांच्यावर उलटते. कवीने या स्वारीकडे हिंदू-मुसलमानांचे युद्ध म्हणून पाहिलेले नाही.

आमच्याकडे या मोहिमेची कथा वेगळ्या टोकाने सांगितली जाते. १७४४ मध्ये भेटीस बोलावून भास्कररामांचा दग्याने वध झाला, हे आम्ही हळहळून सांगतो. १७५१ च्या तहाने वर्षाला बारा लाख चौथाई ठरली आणि ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात आला. 'अटक ते कटक' असे आपण अभिमानाने म्हणतो, त्यातले कटक या स्वाऱ्यांतूनच आले. त्या वाटेवरच्या गावांचे काय झाले, हे मात्र आमच्या वर्गात कधी आलेले नाही.

आणि तरीही याच बंगालने १९०४ मध्ये रवींद्रनाथांकरवी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली. १९०६ मध्ये येथील शिवाजी उत्सवास टिळक आले होते. बर्गींची अंगाई आणि शिवाजी उत्सव ही दोन्ही या शहराने जपली, एकीसाठी दुसरी पुसली नाही. आम्हांला हे जमलेले नाही.

परतल्यावर 'अटक ते कटक' शिकविताना आम्ही गंगारामाचे नाव फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग आपण वाईट होतो का?" तासाची घंटा झाली, तरी वर्ग उठला नाही.